अर्धी वाटी भात

माझं खरं वजन पहिल्यांदा कळलं ते कल्याण स्टेशनच्या पार्सल ऑफिसात. आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टरांचा काटा एकशेवीसला संपायचा. मी वर चढले की तो शेवटच्या रेघेला जाऊन टेकायचा आणि डॉक्टर खाली वाकून बघत बसायचे, जणू काटाच बिघडलाय. ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना खरा आकडा हवा होता. मग ताईने डोकं चालवलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, कल्याणला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची, आणि भावजी पार्सलला होते. एका रविवारी दुपारी, सामसूम बघून, त्यांनी मला आंब्याच्या पेट्या तोलायच्या काट्यावर उभं केलं. कोणी बघू नये म्हणून ताई पदर पसरून माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या त्या एवढ्याशा पदराने मी काय झाकली जाणार होते, कपाळ! भावजींनी एका पावतीच्या पाठीवर आकडा लिहिला आणि मला न दाखवता ताईच्या हातात दिला. एकशे चौतीस. माझ्या फाईलमधला तो पहिला कागद.

हे नव्वदीच्या अगदी सुरुवातीचं. मी अठ्ठावीस वर्षांची, ठाण्याला एका सरकारी ऑफिसात आवक-जावकला. वडील गेलेले, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आई आणि मी. गुडघे बोलायला लागलेले, रक्तात साखर निघालेली, आणि नऊ मुलगे पोहे खाऊन "कळवतो" म्हणून गेलेले. कळवलं एकानेच, तेही पत्रिका जुळत नाही म्हणून. मी खूप खायचे का? खायचे. खोटं कशाला बोलू. पण आमच्या ऑफिसात माझ्या दुप्पट खाणारे दोघे होते आणि काडीसारखे फिरायचे, त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

ऑपरेशनची बातमी ताईनेच आणली. तिच्या क्वार्टर्समधली एक बाई ठाण्याच्या हॉस्पिटलात नर्स होती, तिच्याकडून. तेव्हा आपल्याकडे असलं ऑपरेशन कोणी ऐकलंही नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं, टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि एका कोऱ्या कागदाला आडव्या ओळीने पिना मारल्या. म्हणाले, हे तुमचं पोट. ह्या ओळीच्या वर एवढीशी पिशवी उरेल, अर्धी वाटी भात मावेल एवढी. त्याहून जास्त खाल्लंत तर उलटून येईल. मग पेन बंद करत म्हणाले, "दहा दिवस इथे, दीड महिन्याने ऑफिस. मग सुटलात." ह्या 'सुटलात'वर मी सही केली. पहिला दगा हा. तेव्हा तो दगा आहे हे कळलं नाही एवढंच.

आईची एकच अट होती, बाहेर कळता कामा नये. पोट शिवून घेतलं म्हणजे काय, लोक चघळत बसतील. म्हणून ताईने सगळ्यांना सांगितलं, पित्ताशयात खडे झालेत. आता तुम्हाला आठवत असेल, त्या काळी खड्यांचं ऑपरेशन झालं की डॉक्टर ते खडे छोट्या बाटलीत घालून द्यायचे आणि भेटायला येणारा प्रत्येक जण आधी बाटली मागायचा, मग तब्येत विचारायचा. आमच्या शेजारणी आल्याच. बघू की, केवढे निघाले? मी पांघरुणात मेल्यासारखी. ताई शांतपणे उठली, आत गेली, आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत सात खडे घेऊन आली. तुळशीच्या कुंडीतले. धुऊन, पुसून. वर सांगते कशी, हा मोठा आहे ना, ह्याने फार छळलं हो तिला. शेजारणी हळहळल्या. एवढं सफाईदार खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या गेल्यावर आम्ही दोघी टाके दुखेपर्यंत हसलो. बाटली शोकेसमध्ये राहिली ती राहिलीच.

पहिला महिना नुसतं पातळ. मग गुरगुट्या भात, अर्धी वाटी. एक घास तीस वेळा चावायचा. पोळी चालत नव्हती, पुरी तर नावच नको. घाई केली की छातीत मध्येच काहीतरी अडकायचं, तोंडाला पाणी सुटायचं आणि मी मोरीकडे धावायचे. ताईने तिच्या मुलीची लहानपणची स्टीलची ताटली काढून माझ्यासाठी ठेवली, मधोमध बदक उठवलेली. मी कल्याणला गेले की बोलता बोलता ती बदकावर अर्धी वाटी मऊ भात कालवून समोर ठेवायची. अजून घे म्हणाली नाही, का टाकलंस म्हणाली नाही. आपल्याकडे हे किती अवघड आहे तुम्हाला माहीत आहे. आई माझी, पण तीसुद्धा रोज म्हणायची, एक घास तरी माझ्या हातचा. अख्ख्या गोतावळ्यात आग्रह न करणारी एकटी ताई होती.

वजन उतरलं. दर महिन्याला उतरलं, ब्लाउज दर महिन्याला आत घ्यावा लागला. पण सुटका कुठली? तपासणीचे मंगळवार मागे लागले. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने, पण मंगळवार ठरलेला. ताई कल्याणहून एसटीने ठाण्याच्या खोपट स्टँडला उतरायची, मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून जायचे, आणि आम्ही दोघी हॉस्पिटलातल्या त्या हिरव्या बाकड्यावर तीन-तीन तास बसायचो. फाईल ताईकडे. साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातलेली, मांडीवर, वर दोन्ही हात. नंबर आला की वजन, मग रक्त, मग डॉक्टर. डॉक्टर मला बघायचे आणि ताईशी बोलायचे. किती खाते? उलट्या किती? फिरायला जाते का? मी समोर बसलेली, तोंड मलाही दिलेलं होतं देवाने. सर्जन म्हणायचे फिजिशियनला दाखवा, फिजिशियन म्हणायचे आहारतज्ज्ञ बाईंना भेटा, त्या बाई सांगायच्या सूप प्या, सॅलड खा. आमच्या डोंबिवलीत सॅलड म्हणजे काकडी. केस गळायला लागले म्हणून आणखी एक डॉक्टर, कातडी लोंबायला लागली म्हणून आणखी एक. दोनदा घशातून दुर्बीण घातली. महिन्याला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, तेही आयुष्यभर, हे मला पाचव्या महिन्यात कळलं. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही सुटलात म्हणालेलात. ते हसले. म्हणाले, अहो, साखरेतून सुटलातच ना!

एका मंगळवारी त्यांनी मला आतल्या खोलीत परकर-पोलक्यावर उभं केलं आणि बाहेरगावच्या सहा डॉक्टरांना बोलावलं. जुना फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला, शेजारी मी. एकाने माझ्या दंडाची लोंबणारी कातडी चिमटीत धरून बघितली, बाजारात दुधी बघतात तशी. मला विचारलं कोणी? छे. बाहेर आले तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झालेला. ताईने बाकड्यावरून उठून माझा पदर सारखा केला आणि म्हणाली, पुढच्या वेळी मी आत येते. मी तिला म्हटलं, पुढची वेळच नको. पण पुढच्या वेळी गेलेच. असं करत दोन वर्षं काढली.

मग तो आला. कळव्याचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात सुपरवायझर. मी तेव्हा शहात्तर किलोंवर आलेले. तो आणि त्याची आई बघायला आले, आणि मध्यस्थांनी त्याच्या आईच्या कानावर घातलेलं असणार, कारण बसल्या बसल्या तिने विचारलं, ऑपरेशन कसलं झालं म्हणे? आई गोंधळली. ताई उठली, शोकेस उघडलं आणि बाटली पुढे केली. त्याच्या आईने उजेडात धरून खडे मोजले. मी पोह्यांच्या बशीकडे बघत बसले. दोन दिवसांनी होकार आला.

मला तो आवडलेला. लपवून काय करू? आजवर बघायला आलेले सगळे माझ्या अंगाकडे बघायचे किंवा मुद्दाम बघायचे नाहीत. हा माझ्याशी ऑफिसातल्या टपालाबद्दल बोलला, शिक्के कसे मारता, दिवसाला किती पत्रं येतात. म्हणूनच मला ते खडे टोचायला लागले. रात्रंदिवस टोचायला लागले. छातीपासून बेंबीपर्यंतचा टाका काय पित्ताचा म्हणून खपणार होता? आणि खपला तरी मला खपवायचा नव्हता. मी ताईला सांगितलं, साखरपुड्याआधी त्याला सगळं खरं कळलं पाहिजे. पोटाचं, इंजेक्शनचं, अर्ध्या वाटीचं. ऐकून नाही म्हणाला तर नाही. खोट्यावर लग्न करणार नाही मी. आमच्यात असल्या गोष्टी मुलीने स्वतः बोलायच्या नसतात, थोरल्यांनी बोलायच्या, आणि माझी तरी कुठे जीभ उचलत होती. ताई म्हणाली, माझ्या तोंडून अर्धवट होईल, त्याला डॉक्टरांकडेच नेऊ. मंगळवार आहेच. तिघं जाऊ.

तो मंगळवार उजाडला आणि मी उठलेच नाही. म्हणजे उठले, आंघोळ केली, साडी नेसले, आणि पिनअप करता करता हात थांबला. पुन्हा ते बाकडं, पुन्हा तो काटा, आणि ह्या खेपेला त्याच्यासमोर. डॉक्टर त्याला जुना फोटो दाखवणार, पिनांचा कागद दाखवणार, आणि मी खुर्चीत बसून ऐकणार. नाही म्हणजे नाही. शेजारच्यांच्या फोनवरून ताईला कळवलं, तू त्याला घेऊन जा, मी येत नाही, माझा जीव विटलाय.  ती म्हणाली, तुझ्यासाठी करायचं आणि तूच नाहीस? पण गेली. ताई कधी जात नाही असं झालंच नव्हतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. सांगितलं सगळं, डॉक्टरांनी नीट समजावलं, तो म्हणाला हरकत नाही, फक्त घरच्यांना मी माझ्या पद्धतीने सांगतो, तुम्ही काही बोलू नका. माझा जीव भांड्यात पडला. मी शेजारच्या काकूंच्या घरात, रिसीव्हर हातात धरून, रडले. काकूंना वाटलं कोणी गेलं.

साखरपुडा झाला. त्यानंतर आम्ही दोनदा ठाण्याच्या तलावपाळीला भेटलो. तो ऑपरेशनबद्दल अवाक्षर बोलला नाही आणि मीही नाही. मी दोन चमचे भेळ खाऊन कागद पुढे सरकवला, त्याने काही न विचारता तो संपवला. मला वाटलं, बघ, माणूस किती समजूतदार. सगळं माहीत आहे आणि दाखवतसुद्धा नाही.

लग्नाला बारा दिवस असताना त्याच्या आत्याने टेंभी नाक्याच्या घरी केळवण केलं. ही आत्या म्हणजे त्यांच्या घरातलं मोठं प्रस्थ, तिच्या शब्दाबाहेर त्याची आईसुद्धा नव्हती. आमच्याकडून आई, ताई आणि मी. ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, आणि ताटात श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी. डोळेच फिरले माझे. पण मी म्हटलं, ह्यांना माहीत आहे, त्याने सांगितलं असेल, ताट काय, रिवाजाचं वाढलंय. नाव घेतलं, एकमेकांना घास भरवला, इथवर सगळं छान. मग आत्या पुढे आली. पुरीत श्रीखंड भरून स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाशी धरलं. केळवणाला नाही म्हणायचं नसतं म्हणाली, आणि ताटात टाकायचं तर मुळीच नसतं. एक पुरी गेली. दुसरी आली. मी त्याच्याकडे बघितलं, आता हा म्हणेल, आत्या पुरे. तो हसत होता, आणि मग ताटात बघून वडी मोडायला लागला. ताई माझ्या पाठीमागून म्हणाली, आत्या, तिला जात नाही जास्त. आत्या म्हणाली, आज जाऊ दे. तिसरीला छातीत गाठ बसली.

मोरी कुठे आहे तेही विचारता आलं नाही. ओढून काढल्यासारखं सगळं आलं, तीन वेळा, मागे नळ सोडून ताई माझी पाठ चोळत होती. सावरून वळले तर दारात बायकांची रांग. आणि त्या बायका माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, पोटाकडे बघत होत्या. बारा दिवसांवर लग्न, नवरी ओकतेय, दुसरं काय वाटणार त्यांना? आत्याने आम्हाला आणि त्याच्या आईला आतल्या खोलीत घेतलं आणि दार लोटलं. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"कितवा महिना?"

 मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी म्हटलं, आत्या, असलं काही नाही हो, ते माझं पोटाचं ऑपरेशन झालंय ना, त्याच्यामुळे, तुम्हाला माहीत आहेच. आत्या म्हणाली, खड्यांचं? त्याने दोन वर्षांनी उलट्या होतात? मी त्याच्या आईकडे बघितलं. तिच्या तोंडावर काही म्हणता काही नव्हतं. तेव्हा मला कळलं की ह्या घरात कोणालाच काही ठाऊक नाही. मग मीच सांगितलं. पिना, पिशवी, अर्धी वाटी, सगळं. त्या दोघी ऐकत होत्या आणि मध्ये मध्ये एकमेकींकडे बघत होत्या. आत्याने त्याला आत बोलावलं आणि विचारलं, तुला हे ठाऊक होतं का रे?

तो दारात उभा होता. एकदा ताईकडे बघितलं, एकदा आत्याकडे, मग हातातल्या घड्याळाची पट्टी सारखी करत म्हणाला,

"मला ह्यातलं कोणी काही सांगितलेलं नाही. ह्यांनी मलाही खडेच सांगितले."

ताई म्हणाली, अहो, मंगळवारी डॉक्टरांसमोर बसून आपण… पण तिचं ऐकायला कोणी थांबलंच नाही. आणि सगळ्यात आधी मी थांबले नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती बाटली आली. धुतलेले, पुसलेले सात खडे, आणि ताईचं ते शांत तोंड. हा मोठा आहे ना, ह्याने फार छळलं हो तिला. मला वाटलं, हिने पुन्हा तेच केलं. माझं जमावं म्हणून त्यालाही खडेच सांगितले आणि फोनवर मला गंडवलं. केसाने गळा कापला माझा, सख्ख्या बहिणीने. आणि तिथे, त्या सगळ्यांसमोर, मी तिला म्हटलं, "बाटली आणलीयस का बरोबर? दाखव ना ह्यांना." ताईचं तोंड पांढरं पडलं. 

लग्न मोडलं. दुसऱ्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आले. त्यात ऑपरेशनचा शब्द नव्हता, फसवणूक हा शब्द दोनदा होता. त्याच संध्याकाळी ताई आली. फाईल टेबलावर ठेवून म्हणाली, माझ्यावर विश्वास नाही ना, हॉस्पिटलात जा, डॉक्टरांना विचार, त्यांच्यासमोर झालंय सगळं. एका मंगळवारची चक्कर. बास. एवढंच करायचं होतं मला. मी म्हटलं, त्या बाकड्यावर मी आता मेले तरी बसणार नाही, आणि तूही मला तोंड दाखवू नकोस. ती गेली. मी फाईल पिशवीसकट माळ्यावर फेकली.

चार वर्षं. आई दोघींच्या मध्ये येऊन-जाऊन थकली. सणाला कल्याणहून डबा यायचा, मी तो उघडायचे नाही. डॉक्टरांचंही तेच, एकाचीही पायरी चढले नाही. इंजेक्शन बंद, गोळ्या बंद, तपासण्या बंद. काटाच नाही तर वजन कसलं! पहिलं वर्ष तर मला सुट्टी लागल्यासारखं झालेलं. मंगळवारी मी मुद्दाम ऑफिसात बसून लोकांच्या पत्रांवर शिक्के मारायचे. बाहेरून आलेला प्रत्येक कागद मी उघडून, वाचून, तारीख घालून नोंदवायचे, आणि माझे स्वतःचे कागद माळ्यावर धूळ खात होते. रागाला मात्र धूळ लागली नाही. त्याचा राग कधीच गेला, त्याला बिचाऱ्याला फसवलं होतं ना आम्ही. राग सगळा ताईचा. किती वेळा मनात मी तिच्याशी भांडले आणि दर वेळी जिंकले.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. जीभ लालभडक, तिखट सोसेना. जिना चढताना मध्येच बसावं लागे, आणि एक दिवस शिक्का मारता मारता मी टेबलाखाली गेले. ऑफिसातल्या मैत्रिणीने पाणी मारलं आणि सरळ तिच्या कल्याणच्या डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं. मी नको नको म्हणत होते. माझ्यात नको म्हणायचंही त्राण नव्हतं. बाईंनी आधी हातपाय तपासले, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, जुने कागद आहेत का? पुढच्या वेळी सगळे घेऊन या, एकही न वगळता.

आईने स्टुलावर चढून फाईल काढली. शनिवारी दुपारी मी एकटी गेले. मला वाटलं बाई वरवर चाळतील. त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पार्सलची पावती बघून हसल्या. मग रिपोर्ट, मग मंगळवार, मग मंगळवार. इतक्या डॉक्टरांकडे ती फाईल गेली, पण माझ्यादेखत कोणी ती पूर्ण वाचताना मी पहिल्यांदाच बघत होते. एका पानावर त्या थांबल्या, चष्मा वर केला आणि सहज विचारलं,

"मिस्टर नाही आले आज?"

मी म्हटलं, लग्न झालं नाही माझं. त्या म्हणाल्या, असं का? इथे लिहिलंय म्हणून विचारलं. आणि बोट ठेवून, त्या सर्जनच्या गिचमिड इंग्रजीतून एकेक ओळ मला मराठीत सांगत गेल्या. पेशंट आज आलेली नाही. बहीण आणि होणारा नवरा आलेत. ऑपरेशन चित्र काढून समजावलं. उलट्या होऊ शकतात, इंजेक्शन आयुष्यभर, हे सांगितलं. त्याला समजलंय. मुलं होतील का विचारतोय. व्रण पुसट होईल का विचारतोय. घरी स्वतः सांगेन म्हणतोय, बहिणीने काही बोलू नये म्हणतोय. खाली तारीख. मला ती तारीख वेगळी वाचायची गरज नव्हती, पिनअप करता करता थांबलेला हात अजून तसाच आठवत होता. बाई पुढे काय बोलल्या, कसली इंजेक्शनं लिहून दिली, मला एक अक्षर आठवत नाही. तो मोरीपासून सहा हातांवर बसून वडी मोडत होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं. तीन पुऱ्या जाईपर्यंत बघत होता मेला. आणि मी दुसऱ्याच माणसाला फाडून खाल्लं.

दवाखान्यापासून रेल्वे क्वार्टर्स चालत वीस मिनिटं. मला पाऊण तास लागला, दोन ठिकाणी बसावं लागलं. दार ताईनेच उघडलं. पुढचे केस पिकलेले. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, ये म्हणाली आणि बाजूला झाली. मी बसले, पिशवीतून फाईल काढली, ते पान उघडलं आणि वाचून दाखवलं. बाईंनी सांगितलं तसंच, ओळीवर बोट ठेवून.  ताई समोर उभी राहून ऐकत होती, ओला हात पदराला पुसत. मी म्हटलं, ताई, चुकलं माझं. तिने पदर खोचला. मग म्हणाली,

"मी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नाही. डॉक्टरने लिहिलंय म्हणून वाटलं."

 ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी होती आणि कुंडीतलं पाणी खाली सांडू नये म्हणून तिच्याखाली ती बदकाची ताटली ठेवलेली, मातीच्या पाण्याने कडा लाल झालेली. मी ती बघत बसले. ताई ताट घेऊन बाहेर आली. मोठं ताट, पाहुण्यांचं. चार पोळ्या, भाताची मूद, भाजी, आमटी, लोणचं, सगळं वाढलेलं. ते माझ्यापुढे ठेवून तिने पाण्याचा तांब्याही ठेवला आणि म्हणाली, जेव, लाजू नकोस.

मी म्हटलं, "ताई, एवढं जात नाही गं मला."

"मला कसं ठाऊक असणार?" ती म्हणाली. "चार वर्षं झाली."

आणि उरलेली आमटी गरम करायला ती परत आत गेली.